दान दिलं की विचारायचं नसतं?

आज तुम्हाला आधी आमच्याच गटातली गोष्ट सांगते आणि मग तिच्या मागे मागे थोडं लांब, जुन्या काळात जाऊ.

आमचा अकरा जणींचा बचत गट. गेल्या वर्षी गावातल्या एका देवळाच्या सभामंडपासाठी समितीची माणसं आमच्याकडे आली. म्हणाली, "बायांनो, गटाची वर्गणी द्या." आम्ही मीटिंग घेतली, सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि ५,१०० रुपये दिले. पावती मिळाली, तिच्यावर लिहिलं होतं 'देणगी'. फलक लागला, त्याच्यावर नाव आलं आमच्या अध्यक्षीणबाईंच्या यजमानांचं. ते बिचारे त्या दिवशी गावातही नव्हते. पत्रे चढले, फरशी मात्र राहिली. म्हणून आमच्या सचिवबाईंनी जाऊन खर्चाचा हिशेब विचारला. तर समितीतले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "ताई, दान दिलं की विचारायचं नसतं. पुण्य जातं."

सगळ्या गप्प बसल्या. मीही गप्पच. पण घरी भाकरी थापताना डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. मागायला आले तेव्हा ती वर्गणी होती. पावती फाडली तेव्हा देणगी झाली. आणि हिशेब मागितल्यावर तेच पैसे दान झाले. पैसे तेवढेच, ५,१००. शब्द तीन वेळा बदलला आणि प्रत्येक वेळी आमचा हक्क थोडा थोडा कमी होत गेला. वर्गणीदार हिशेब मागू शकतो. देणगीदाराला निदान नारळ आणि शाल मिळते. दान देणाऱ्यानं फक्त हात जोडायचे.

मग मी हे देण्याघेण्याचे शब्द शोधत गेले. जे सापडलं त्यातलं थोडं तुमच्यापुढे ठेवते.

नाशिकची पांडवलेणी तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिली असतील. त्र्यंबकला जाताना, शिर्डीहून येताना गाडी तिथं थांबते. पायऱ्या चढून दमलेली माणसं आत जातात, थंड दगडाला पाठ टेकतात, फोटो काढतात आणि उतरतात. भिंतीवरची अक्षरं कुणी वाचत नाही, कारण ती ब्राह्मी लिपी आहे. पण लेण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी ती वाचून ठेवली आहेत. तिथं बहुतेक लेख देण्याचेच आहेत. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याचं टाकं दिलं, कुणी खोली दिली. त्यांचा शब्द आहे 'देयधम', म्हणजे देण्याचा धर्म.

दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. तो क्षत्रप राजा नहपानाचा जावई. साधारण १,९०० वर्षांपूर्वीचा काळ. त्यानं भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण दिले. कार्षापण म्हणजे तेव्हाचं नाणं. पण हे पैसे त्यानं भिक्षूंच्या हातात दिले नाहीत. गोवर्धन नावाच्या गावी विणकरांच्या श्रेणी होत्या. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ, आपल्या गटासारखाच समजा. एका श्रेणीकडे त्यानं २,००० ठेवले, महिना शेकडा एक व्याजानं. दुसरीकडे १,००० ठेवले, महिना शेकडा पाऊण टक्क्यानं. आणि लिहून ठेवलं की मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. अशा ठेवीला शब्द होता 'अक्षयनीवी', म्हणजे कधी न संपणारं भांडवल.

आता जरा वही काढा. २,००० वर महिना शेकडा एक म्हणजे महिन्याला २०. वर्षाला २४०. लेखात म्हटलंय की पावसाळ्यात या लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कपड्यासाठी द्यायचे. वीस बारे किती? २४०. एक पैसा इकडे नाही, तिकडे नाही. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा मला आमच्या सचिवबाईंचीच आठवण झाली. त्यांचीही बेरीज अशीच चुकत नाही.

व्याजाला त्या लेखात शब्द आहे 'वढि'. आपल्याकडे जुनी माणसं धान्य उसनं देण्याघेण्यात 'वाढीदिढी' म्हणायची, तीच ही वाढ.

आणि या लेखात एक ओळ अशी आहे की ती ऐकल्यावर मला समितीच्या त्या गृहस्थांना जाऊन सांगावंसं वाटलं. या सगळ्या दानाची गोष्ट निगमसभेत वाचून दाखवली आणि रीतीप्रमाणे फळ्यांवर नोंदवली, असं तिथं म्हटलं आहे. निगमसभा म्हणजे नगरातल्या लोकांची सभा. म्हणजे किती दिलं, कुणाकडे ठेवलं, व्याज किती, खर्च कशावर, हे सगळं चारचौघांत वाचलं गेलं. 'दान दिलं की विचारायचं नसतं' ही रीत जुनी आहे असं आपल्याला वाटतं. आपल्या मुलखातल्या फार जुन्या दानाच्या कागदावर, कागद कसला, दगडावर, अटी कोरलेल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, तो राजाचा जावई, तो अटी घालणारच. त्याला कोण 'पुण्य जातं' म्हणणार! म्हणून आता त्याच लेण्यातल्या एका बाईची गोष्ट सांगते.

तिचं नाव विष्णुदत्ता. काळ आभीर राजा ईश्वरसेनाचा, उषवदातानंतर शंभराहून जास्त वर्षांनी. ती शक कुळातली होती आणि स्वतःला 'उपासिका' म्हणवत होती, म्हणजे संसारात राहून बुद्धाचा धर्म पाळणारी. तिच्या लेखात तिच्या बापाचं नाव आहे, नवऱ्याचं आहे, मुलाचंही आहे. बाप अग्निवर्मा, नवरा रेभिल, मुलगा विश्ववर्मा. तेव्हाही बाईची ओळख द्यायला तीन पुरुष लागायचेच. पण त्या तिघांच्या नावांनंतर तिचं स्वतःचं नाव आहे आणि दान तिच्याच नावावर आहे. तिच्या वतीनं नवऱ्याचं नाव फलकावर लागलेलं नाही.

तिनं काय दिलं? तिनंही अक्षयनीवीच केली. पण तिचं कारण पाहा. 'गिलानभेसज', म्हणजे आजारी माणसाचं औषध. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंपैकी कुणी आजारी पडला तर औषधाला पैसे असावेत, एवढ्यासाठी. आपण 'ग्लानी आली' म्हणतो ना, त्याच घराण्यातला हा 'गिलान'. आणि ठेव कुणाकडे ठेवली? कुंभारांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या श्रेणीकडे, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे, तेल्यांकडे. एका टोपलीत सगळी अंडी ठेवली नाहीत बाईनं. एक श्रेणी बुडाली तरी दुसरीकडून औषध येत राहावं, असा माझा अंदाज. लेखात तसं कारण लिहिलेलं नाही, पण गट चालवणाऱ्या बाईला ते सांगावं लागत नाही.

जाता जाता आणखी एक. उषवदाताची बायको दक्षमित्रा, तिनंही इथं एक खोली दिली. खोलीला लेखात शब्द आहे 'ओवरक'. देवळाच्या आवारात आपण जिला ओवरी म्हणतो, जिथं वारीत पाठ टेकतो, तो हाच शब्द. आणि लोणावळ्याजवळच्या कार्ल्याला कठड्याचं दान आहे कोडी नावाच्या भिक्षुणीचं, आणि तो कोरणाऱ्या कारागिराचंही नाव तिथं आहे. देणारीचं नाव आणि करणाऱ्याचं नाव शेजारी शेजारी. आपल्या सभामंडपाच्या फलकावर गवंड्याचं नाव कुणी पाहिलंय?

आता वर्गणी. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात 'चौऱ्यांशीचा लेख' म्हणतात तो शिलालेख आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत, म्हणून हे नाव. तो लेख आहे शके ११९५ ते ११९९ चा, म्हणजे १२७३ ते १२७७. देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या काळचा. आणि लेखात आहे काय? देवाला कुणी किती दिलं त्याची यादी! राजा आहे, त्याचा हेमाडपंत आहे आणि लहानमोठ्या रकमा देणारी इतर माणसंही आहेत. राजाचं देणं जसं नोंदवलं तसं साध्या माणसाचंही नोंदवलं.

दानाच्या दगडांची सगळीच गोष्ट काही गोड नाही. शिलाहार आणि यादवांच्या काळात जमिनीच्या दानाचा दगड रोवायचे, त्यावर वर चंद्रसूर्य आणि खाली एक चित्र. त्या दगडाला गधेगाळ म्हणतात. हे दान कुणी मोडलं तर त्याच्या आईला गाढव लागेल, अशी ती शिवी चित्रात कोरलेली असते. दान देणारा राजा, मोडणारा दुसरा कुणी सरदार, आणि शिवी मात्र कुणाच्या तरी आईला. हजार वर्षांपूर्वीचा दगड आहे, पण शिवी अजून पारावर ऐकू येते.

दक्षिणेकडे येऊ. दक्षिणा आणि दान यांत फरक आहे. दक्षिणा म्हणजे धर्मकार्य केल्याबद्दल द्यायचा मोबदला, ती दिल्याशिवाय कार्य पुरं होत नाही. नाणेघाटातल्या लेखात सातवाहनांची राणी नागनिका हिनं यज्ञ केल्याचं आणि दक्षिणेत गाई, घोडे, हत्ती, नाणी दिल्याचं कोरलेलं आहे. पुढे पेशवाईत पुण्याला श्रावणात दक्षिणा वाटायची मोठी चाल पडली. तळेगावच्या दाभाड्यांनी ती सुरू केली होती, ती पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात लांबलांबून ब्राह्मण जमायचे. मोबदला म्हणून निघालेला शब्द, त्याची अशी सरसकट वाटणी झाली. आणि ती एकाच जातीला. पैसा तर रयतेच्या साऱ्यातूनच आलेला होता.

इंग्रज आल्यावर हा दक्षिणेचा पैसा बंद करायचा की चालू ठेवायचा, हा पेच पडला. १८२१ ला त्यातून पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिथंही पुन्हा ब्राह्मणांचीच मुलं. मग १८४९ ला काही सुधारक मंडळींनी अर्ज केला की हा पैसा मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्या. केवढा गहजब झाला! धर्म बुडाला, दान बुडालं. पण बदल झाला. दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. आणि त्याच दक्षिणेच्या निधीतून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळांनाही मदत मिळाली. श्रावणात रमण्यात वाटला जाणारा पैसा मुलींच्या पाट्यापेन्सिलींपर्यंत आला, कारण कुणीतरी विचारलं की हा पैसा कुणाचा आणि कशासाठी.

आता 'धर्मादाय' घ्या. आज आपण धर्मादाय आयुक्त म्हणतो, ट्रस्टची नोंदणी तिथं होते, १९५० च्या कायद्यानं. त्या कायद्याखाली नोंदलेल्या देवस्थानाला, संस्थेला हिशेब ठेवावा लागतो, तपासून घ्यावा लागतो. पण बाजारात या शब्दाचा आणखी एक इतिहास आहे. शेतकरी माल घेऊन अडतीवर गेला की त्याच्या पट्टीतून तोलाई, हमाली, अडत कापायचे आणि शेवटी एक बारीक ओळ असायची, 'धर्मादाय'. म्हणजे धर्मकार्यासाठी कापलेले पैसे. कापले शेतकऱ्याचे. पांजरपोळाला, धर्मशाळेला गेले तर नाव व्यापाऱ्याचं. शेतकऱ्याला कुणी विचारलंही नाही की बाबा, तुला दान करायचंय का. दान देणाऱ्याला न विचारता घेतलं तर त्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा. बाजार समित्यांचे कायदे झाल्यावर अशा कपातींवर बंधनं आली.

फारसी-अरबीतून आलेले शब्दही आपल्या तोंडी आहेत. 'खैरात' म्हणजे मुळात चांगली कामं, पुण्याचं देणं. आपण मात्र 'खैरात वाटायला बसलोय का' असं रागानं म्हणतो. 'जकात'चं तर फारच गमतीदार झालं. मुसलमान बहिणींना ठाऊक आहे, जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनातला चाळिसावा भाग गरजूंना देणं, आणि ते फर्ज आहे, म्हणजे द्यावंच लागतं. बाईच्या स्वतःच्या मालमत्तेची जकात तिची तिनं काढायची. घेणाऱ्यावर उपकार नाही, कारण त्या धनात गरिबाचा हक्कच धरलेला आहे. हाच शब्द जुन्या राजवटीत व्यापाऱ्यांच्या मालावर नाक्यानाक्यावर वसूल होणाऱ्या पैशाला लागला आणि मराठीत जकात म्हणजे टोलनाक्यासारखा कर झाला. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बंद झाली. मूळ जकात रमजानमध्ये तुमच्या शेजारच्या घरातून निघतेच आहे.

आता ज्या शब्दावर मला थांबायचंय तो शब्द, भीक. भिक्षा आणि भीक एकच. जाणकार सांगतात की 'भिक्ष्' हा धातू 'भज्' पासून निघाला. भज् म्हणजे वाटून घेणं, त्यातूनच 'भाग' आला. म्हणजे भिक्षा मागणं म्हणजे मुळात आपला वाटा मागणं. पण व्यवहारात काय झालं? गावगाड्यात महार समाजाकडे गावाची कामं होती. राखण, सांगावा, सरकारी टपाल, मेलेली जनावरं ओढणं, रात्री-अपरात्री हाक आली की जाणं. त्याचं बलुतं ठरलेलं होतं. म्हणजे तो कामाचा मोबदला. पण तो कसा मिळायचा? संध्याकाळी दारोदार फिरून, लांब उभं राहून, शिळ्यापाक्या भाकरीच्या रूपात. काम करून घेतलं वेठीनं आणि मजुरी दिली भीक म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत सांगितलं की ही भाकर सोडा, वतनाचा मोह सोडा. १९२८ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. ही वतनं शेवटी गेली १९५८ च्या कायद्यानं. त्या काळच्या किती आयांना संध्याकाळची चूल कशी पेटवायची हा प्रश्न पडला असेल. हातातली भाकर सोडणं सोपं नव्हतं. आणि तरी सोडली.

विनोबा भावे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी जमीन मागितली आणि एका जमीनदारानं शंभर एकर दिली, तिथून भूदान सुरू झालं. ते मागताना म्हणत की मला घरातला आणखी एक मुलगा समजा आणि सहावा हिस्सा द्या. दान म्हणजे वाटणी, असा अर्थ ते लावत. भिक्षेच्या मुळाशी असलेला 'वाटा' त्यांनी पुन्हा वर काढला म्हणा. पुढे त्यातली किती जमीन नापीक निघाली, किती वाटलीच गेली नाही, ते वेगळं दुःख आहे.

बायकांच्या देण्याला तर धड शब्दच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रही विकलं. त्याला लोक म्हणतात त्याग. मोठा शब्द आहे, मान्य. पण एखाद्या श्रीमंतानं तेवढेच पैसे दिले असते तर देणगी म्हणून नोंद झाली असती, पावती फाटली असती. आपण घराघरांतून मूठ मूठ धान्य, पसाभर तांदूळ, ओटी, शिधा देत आलो, ते कुठल्या वहीत चढतं?

आणि आता आपल्या अंगणातला शब्द, मानधन. आपल्या गटात दोघी अंगणवाडीत आहेत. सकाळी निघतात, पोषण आहार, वजनं, नोंदी, मोबाइलवरची माहिती, लसीकरणाचा दिवस, निवडणुकीची कामं. महिन्याला जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मानानं दिलेलं धन. ऐकायला किती छान! पण पगार म्हटलं की त्याच्या मागे कायदे येतात. मानधन म्हटलं की फक्त मान येतो, आणि तोही कधी कधी. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या अंगणवाडी ताईंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा लागू होतो, आणि त्यांना मिळणारं मानधन त्या कायद्याच्या दृष्टीनं वेतनच आहे. नाव काहीही ठेवा, काम केल्याचे पैसे ते. गंमत बघा, ग्रॅच्युइटीला सरकारी मराठीत शब्द आहे 'उपदान'. वेतनाचा हक्क भांडून मिळवला तरी शब्दात पुन्हा दान आलंच!

पण आपल्या बोलीत 'देणं' या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. देणं म्हणजे हातातून देणं. आणि देणं म्हणजे कर्ज, जे फेडायचं असतं. 'मी त्याचं देणं लागते' असं आपण म्हणतोच की.

तर आमच्या गटाचं पुढं काय झालं ते सांगून थांबते. पुढच्या मीटिंगला मी उषवदाताचा हिशेब वहीवर मांडून दाखवला, वीस बारे दोनशे चाळीसचा. विष्णुदत्तेचं औषध सांगितलं. बाया हसल्या, मग बराच वेळ बोलल्या. ठराव झाला की समितीला लेखी अर्ज द्यायचा, त्यात 'दान' किंवा 'देणगी' लिहायचं नाही, 'गटाची वर्गणी' लिहायचं आणि खर्चाचा हिशेब मागायचा. त्या गृहस्थांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि खिशात ठेवला. तीन आठवड्यांनी अर्ध्या कागदावर हिशेब आला. सिमेंट, पत्रे, वेल्डिंगवाला, मजुरी. बेरजेत १०० रुपयांची चूक होती, ती सचिवबाईंनी लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवली. फरशीचं काम दिवाळीनंतर होईल असं कळलंय. फलकावरचं नाव अजून यजमानांचंच आहे. पेंटर चैत्रात यात्रेच्या आधी येतो, तेव्हा बदलून घेऊ. अक्षरं मोठी काढायला सांगितली आहेत.